वीतभर उंचीची बाज

शेजारचे आबा लोणावळ्यात एका बंगल्यावर माळीकाम करायचे. बंगला विकताना मालकांनी आपला डॅशहुंड आबांना देऊन टाकला. आमच्या बेगडेवाडीत असलं लांबडं, बुटकं कुत्रं कुणी पाहिलं नव्हतं. लोक हसायचे. आबा मिशीवरून हात फिरवत म्हणायचे, "पाय काय बघताय? छाती बघा. पैलवान हाय त्यो!" तेच त्याचं नाव पडलं.

पैलवान रोज उडी मारून आबांच्या बाजेवर झोपायचा. गुरांच्या डॉक्टरांनी बजावलं, याच्या उड्या बंद करा, नाहीतर एवढ्या लांब पाठीचा मणका जाईल. घरी येताच आबांनी करवत काढली आणि बाजेचे चारही पाय वीतभर ठेवून कापले.

"आबा, तुमचे गुडघे असे. एवढ्या खालून उठणार कसे?" मी विचारलं.

"त्येचं पाय वाढवता येत न्हाईत. बाजंचं कापता येत्यात."

काल सकाळी गेले, तर पैलवान रुबाबात बाजेवरून उतरून दारात उभा. मागे आबा भिंत धरून उठायला धडपडत होते. मी हात पुढे केला.

"नको," आबा हळूच म्हणाले, "पैलवान बघतोय."