आधी माझी बाजू मांड

नळाची आणि पाइपांची कामं करणाऱ्या माणसाला अख्खी गल्ली 'वकील' म्हणते, यातच काय ते आलं. बरं, नुसता बडबड्या असता तरी परवडलं असतं. बडबड्या माणसापुढे 'हो हो' करून मान डोलावली की सुटका होते. ह्याच्यापुढे मान डोलावली की हा विचारतो, "का पटलं?"

अशा माणसाशी जिने संसार केला तिला गल्ली वहिनी म्हणते. वहिनी पाणीखात्यात नोकरीला, तक्रारींच्या फोनवर. सकाळपासून लोकांचे उद्धार ऐकायचे, उलट शब्द काढायचा नाही आणि शेवटी गोड आवाजात म्हणायचं, "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे." संध्याकाळी तिच्या डोक्याचा पार भुगा झालेला असे. दारात चपला काढते न काढते तोच आतून आवाज येई.

"अगं, पडदे निळे नकोत असं तुझं म्हणणं ना? मग निळे का हवेत, ते आधी तू सांग."

"अहो, मला निळे नकोच आहेत!"

"म्हणूनच तू सांगायचं. आधी माझी बाजू मांड. मला पटेल अशी मांडलीस, मी मान हलवली, की मग तुझी."

"घाला चुलीत तुमचे पडदे," असं म्हणून वहिनी आत गेली आणि तो विषय तिने कायमचा सोडून दिला. खिडकी उघडीबोडकी राहिली. यांच्या ताटात काय वाढलंय, ते समोरच्या इमारतीला रोज दिसू लागलं.

हे खूळ वकिलाच्या डोक्यात कसं शिरलं, त्यालाही कारण आहे. पूर्वी त्याचा एक भागीदार होता, वयाने मोठा, कामातला गुरू. त्याला सगळे उस्ताद म्हणत. एका घरी न्हाणीघराच्या भिंतीला ओल आली होती. दोघांनी भिंतीकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं आणि एकदमच म्हणाले, "इथेच!" हातोडा चालला. फरशा फुटल्या, भिंत पोखरली, आणि आतला पाइप ठणठणीत कोरडा. पाणी येत होतं वरच्या मजल्यावरच्या मोरीतून, भलत्याच कोपऱ्यातून उतरत उतरत. घरमालकीणबाईंनी दोघांच्या सात पिढ्या बाहेर काढल्या. भिंत पुन्हा बांधून देताना उस्ताद म्हणाला, "ओल दिसते तिथेच गळत असतं असं नाही, हे तुलाही माहीत होतं आणि मलाही. मग चुकलो कुठे? आपलं लगेच एकमत झालं, तिथे."

त्या दिवसापासून नियम झाला. वाद झाल्याशिवाय हातोड्याला हात लावायचा नाही, आणि वाद घालायचा तर आधी समोरच्याची बाजू मांडायची, त्याने मान हलवेपर्यंत. गिऱ्हाइकं कपाळाला हात लावत. "अहो, घरात तळं झालंय आणि तुम्ही परिसंवाद कसले भरवताय?" पण दोघांची भिंत सहसा चुकेना, हेही खरं.

मग एका रात्री उस्ताद झोपेतच गेला. कुणाशी काही न बोलता, न भांडता. आणि वकिलाचं कामावरचं सगळं भांडण घरात येऊन पडलं.

घरात त्याला गिऱ्हाईक मिळालं ते वहिनीच्या आईचं. वडील गेल्यावर आई लेकीकडे राहायला आली होती. जावयाचा हा छंद तिला भलताच मानवला. सकाळच्या चहाला दोघं समोरासमोर बसत आणि हातात सापडेल तो विषय पिंजून काढत. देव आहे की नाही, मेल्यावर काही उरतं की नाही, पोराला धाक हवा की लाड. एक दिवस आई देवाच्या बाजूने, जावई विरुद्ध. दुसऱ्या दिवशी अदलाबदल. वहिनी डबा भरता भरता करवादे, "एकदाचं ठरवून टाका ना, आहे की नाही तो! त्यालाही झोप लागेल."

"ठरवायची घाई कुणाला आहे?" आई म्हणे. "जावईबापू, तुम्ही बोला."

अशी ही आई. तिच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आता काढली तर बरं होण्याची आशा चांगली आहे. ठेवली तर वाढत जाईल. त्यावर आई एकच शब्द बोलली, "नको." कारण नाही, वाद नाही. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

वहिनीने समजावलं, विनवलं, रडून पाहिलं, जेवण सोडून पाहिलं. लांबच्या शहरातून धाकट्या भावाने फोनवर फर्मान सोडलं, "विचारतेस काय तिला? सरळ भरती कर."

"तू येतोस का भरती करायला?" असं वहिनीने विचारताच त्याला नेमकं नीट ऐकू येईनासं झालं.

शेवटी वहिनीचा तोल गेला. आई काहीतरी बोलायला तोंड उघडत होती, तेवढ्यात ही ओरडली, "तू गप्प बस, आई! डॉक्टरांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं." थोबाडीत बसल्यावर माणूस पाहतं, तसं आईने तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा भिंत.

आता एकच उपाय उरला होता. वहिनीने नवऱ्याला गाठलं. "अहो, आयुष्यभर ज्याच्या-त्याच्याशी वाद घातलात, आज एकदा उपयोगाचा घाला. ती तुमचं ऐकते."

वकील आत गेला. दार लोटलं. बाहेर वहिनी देवाला हात जोडून उभी. आधी आतून कुजबुज आली, मग आईचा आवाज चढला, मग चक्क हसू आलं. वहिनीला वाटलं, जिंकली लढाई. बऱ्याच वेळाने वकील बाहेर आला. चेहरा उतरलेला.

"काय म्हणाली?"

"अगं, त्यांचं म्हणणं पटलं मला. या वयात कापाकापी करून अंथरुणाला खिळून राहण्यापेक्षा, आहे तेवढं चालतं-बोलतं राहिलेलं बरं."

वहिनीने हाताला लागलं ते भांडं असं आपटलं, की शेजारचं दार उघडलं. "मी तुम्हाला समजवायला पाठवलं होतं! पटवून घ्यायला नाही!"

"मनापासून ऐकलं की कधीकधी पटतं. तो धोका असतोच."

"धोका माझ्या आईला आहे!"

त्यानंतर त्या घरात कुणी कुणाशी भांडलं नाही. चहा मुकाट्याने व्हायचा. वहिनीला आयुष्यभर हवी होती तशी शांतता मिळाली, आणि ती तिला खायला उठली.

कामावरही तिचं लक्ष लागेना. एक दिवस फोनवर एक म्हातारे गृहस्थ बराच वेळ काही सांगत होते. ते थांबले तशी वहिनी म्हणाली, "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे."

"नोंदवलीत ना?" म्हातारा म्हणाला. "मग सांगा बरं, मी काय म्हणालो?"

वहिनीला एक अक्षर आठवेना. तिने माफी मागून सगळं पुन्हा ऐकलं, पुन्हा बोलून दाखवलं. म्हातारा म्हणाला, "हां. आता पाणी दोन दिवस उशिरा आलं तरी चालेल." वहिनीला स्वतःचाच इतका राग आला की चहाच्या सुट्टीत तिला चहा गेला नाही.

घरी येऊन ती सरळ आईच्या खाटेवर बसली. "आई, मी तुझी बाजू मांडते. चुकलं तर सांग. तुला मरणाची भीती वाटते."

"चूक."

"आम्हाला त्रास नको, म्हणून तू..."

"एवढी थोर मी कधीपासून झाले?"

"बाबांमुळे. ते दवाखान्यात चालत गेले आणि परत आले नाहीत."

आई थोडी वळली. "अर्धं बरोबर."

उरलेलं अर्धं वहिनीला काही केल्या सुचेना. ती तशीच बसून राहिली, आणि मुख्य म्हणजे गप्प राहिली. तेव्हा आई बोलली. "आदल्या दिवशी ते म्हणत होते, थोडं थांबूया का, मला डॉक्टरांना काही विचारायचंय. मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा, डॉक्टरांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं. काय विचारायचं होतं, ते राहूनच गेलं बघ."

वहिनीच्या अंगावर काटा आला. हेच वाक्य, शब्दाला शब्द, तिने आईच्या तोंडावर फेकलं होतं. ती म्हणाली, "म्हणजे ऑपरेशन नकोच असं नाही. तुला तोंड बंद करून जायचं नाही."

आईने मान हलवली. "आता तुझी बाजू मी मांडते. डॉक्टर काय म्हणतात याचं तुला काही पडलेलं नाही. संध्याकाळी तू दमून आलीस की मी इथे असावं, एवढंच तुझं म्हणणं. बरोबर?"

वहिनीला मान हलवायची होती, पण त्याआधीच तिला रडू फुटलं.

"मग असं सांगायचं, बाई. डॉक्टरला कशाला मधे घातलंस?"

पुढे डॉक्टरीणबाईंचे हाल झाले. आईने विचारायचं ते सगळं विचारलं, वर म्हणाली, "आता मी का नको म्हणत होते, ते तुम्ही सांगा." बाहेर रांग, आत ही उलटतपासणी. डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, सुस्कारा टाकला, मग पेन खाली ठेवून दोनदा चुकत, तिसऱ्यांदा नीट सांगितलं. आई म्हणाली, "काढा गाठ." त्यावर शेजारच्या खुर्चीतून वकील म्हणतो, "मला अजून पटलेलं नाही हं." वहिनीने टेबलाखालून त्याचा पाय असा तुडवला, की तो घरापर्यंत लंगडत आला.

ऑपरेशनच्या दिवशी ढकलगाडीवरूनही आई बोलतच होती. नर्स वैतागली, "आजी, आता गप्प पडा बघू."

"बोलू द्या तिला," वहिनी म्हणाली. दार बंद होईपर्यंत तिने एकही शब्द मधे घातला नाही.

गाठ निघाली. दोन दिवसांनी आईच्या चेहऱ्यावर जरा रंग आला, तसं तिने जावयाला खाटेजवळ बोलावलं. वहिनी पलीकडे फळ सोलत बसली होती.

"जावईबापू, त्या दिवशीचा वाद अर्धाच राहिला. तुमची बाजू कुणी मांडलीच नाही."

"मांडायची काय? मला तुमचं पटलं होतं."

"माझं म्हणणं तुम्ही नुसतं उचललंत. तुमचं खरं म्हणणं मी सांगते. उस्ताद गेल्यावर तुम्हाला भांडायला मी एकटी उरले होते. मी आत जाऊन परत आले नाही तर काय, म्हणून तुम्हाला मला पाठवायचंच नव्हतं. बरोबर?"

वकिलाने तोंड उघडलं. आता हा 'कशावरून' म्हणणार, म्हणून वहिनी सवयीने दातओठ खाऊन तयार झाली. पण त्याने खाटेची दांडी धरली आणि मान हलवली.

वहिनीला आधी भरून आलं आणि पाठोपाठ भयंकर संताप आला. एवढी साधी गोष्ट, आणि त्यासाठी ह्या माणसाने आपली आई घालवायला काढली होती! आणि ती ओळखली कुणी, तर पोटाला टाके घातलेल्या म्हातारीने. आपण इतकी वर्षं काय करत होतो? बाहेर येऊन जिना उतरताना ती रागाच्या भरातच म्हणाली, "उद्या पडदे घेऊन येऊ. निळे का हवेत, ते मी सांगते. ऐका."

"आता नको," वकील डोळे पुसत म्हणाला. "निळे नकोत. मला तुझं पटलं."

"कधी?"

"गेल्याच वर्षी."

वहिनी जिन्यातच थांबली. "अहो, मग बोलला का नाहीत? वर्षभर खिडकी तशीच!"

"तू वादच सोडून दिलास," तो म्हणाला. "पटलं म्हणून सांगायला तरी समोर कुणी हवं ना."