कागदावरचा मामा

"नातं आधी सांगा. नाव मागनं बगू."

समोर येऊन बसलेला माणूस नाव सांगायला तोंड उघडायचा, तोच रायटर तळहात आडवा धरून त्याला थांबवायचे आणि हे वाक्य टाकायचे. मग चष्मा कपाळावर चढवायचे. वास्तविक चष्मा वर गेल्यावर त्यांना पुढचं काही नीट दिसत नसे. पण चष्मा वर गेला की आता उलटतपासणी सुरू होणार, हे आम्हा कचेरीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

कोरेगावच्या मामलेदार कचेरीत ट्रेझरीची एक खिडकी आहे. खिडकीच्या आत मी, पेन्शनचा कारकून. बाहेर पत्र्याच्या सावलीला एक टेबल आणि एक टाइपरायटर घेऊन ते. मध्ये लोखंडी गज. आमच्या दोघांत कैदी कोण, यावर आमचं कधी एकमत झालं नाही.

फौजेत ते क्लार्क होते, हवालदार होऊन पेन्शनीत आले. तिथं त्यांना रायटर म्हणत, ते नाव त्यांच्या ट्रंकेबरोबर गावात आलं. अर्ज लिहिणारे तुम्हीही पाहिले असतील. सातबारा, वाटणी, विहिरीचं भांडण, मिळेल ते लिहितात. आमचे रायटर त्या वाटेला जात नसत. त्यांचं काम बाहेरदेशच्या कागदांचं. उंब्रजचा कुणी विलायतेला जायचा, वडूजचा कुणी आणखी कुठं, आणि चार पैसे मिळवून स्थिरावला की घरच्यांना कायमचं तिकडं बोलवायचा. 'स्पॉन्सर' हा शब्द आमच्या भागात काही गावांत नळाच्या आधी पोचला. त्या स्पॉन्सरचे फॉर्म रायटर भरत.

एकदा उंब्रजचे दोघे भाऊ शाळेचे दाखले घेऊन आले. दोघांचाही जन्म एक जूनचा. त्यात नवल नव्हतं. आमच्याकडे मास्तर पोराला शाळेत घालून घेताना एक जूनच लिहितात, माझीही तीच तारीख आहे. पण या दोघांचं सालही एकच होतं.

"जुळं का तुमी?" रायटरनी विचारलं.

"न्हाई, ह्यो माझ्यापरास दोन वर्सानं धाकला हाय."

"मग आईनं त्येला दोन वरीस उशिरा जलम दिला, पण तारीख आदीच धरून ठेवली व्हय?"

मला आत हसू आवरेना. रायटर हसले नाहीत. त्यांनी दोघांना परत पाठवलं आणि बाळंतपण केलेल्या सुइणीला घेऊन या म्हणून बजावलं. चार दिवसांनी म्हातारी आली. मग चौकशी. बेंदराच्या आधी का नंतर? बैलं रंगवली होती का रंगवायची होती? गावची जत्रा झाली होती का? म्हातारीने डोळे मिटून दोन्ही पोरांचे जन्म असे मोजून दिले, आणि रायटरनी ते प्रतिज्ञापत्रावर चढवले. मी म्हटलं, "कशाला एवढा उपद्व्याप? एकाचं साल खोडलं असतं तरी भागलं असतं."

"भाऊसाहेब, तोंडी काय बी बोला. कागदावर खोटं लिवलं की त्ये कागद आपल्याआदी बोलाय लागतंय."

वडूजचे एक शिंपी आले होते, चाचा म्हणत त्यांना. त्यांच्या थोरल्या भावाने तिकडून कागद पाठवले होते. चाचांनी यादीत सात भाऊ सांगितले. रायटरनी वंशावळ काढायला घेतली, तर चौघे चुलत निघाले.

"आमच्यात चुलत-सख्खं करत न्हाईत, रायटर," चाचा दुखावून म्हणाले.

"आमच्यात तरी कोण करतंय? पर तिकडचं सरकार करतंय."

वंशावळ ते लाल-निळ्या पेन्सिलीने काढत. जिवंत माणसाभोवती निळं कुंडाळं, गेलेल्याला लाल फुली. फुली मारण्याआधी टोपी काढून टेबलावर ठेवत, फुली मारून झाली की परत घालत. एखाद्या घरात मरणं जास्त झाली असली की टोपीची उठबस चालू राहायची. मला त्याची गंमत वाटायची. नंतर तीच टोपी बघून मला भडभडून आलेलं आहे.

आता त्यांच्या घरचं सांगतो. त्यांची बायको एक मुलगा मागे ठेवून वारली, पोर अकरा महिन्यांचं असताना. रायटर फौजेत. पोराला वाढवलं त्यांच्या थोरल्या बहिणीने. तिला गाव आक्का म्हणे. ऐन तारुण्यात नवरा जाऊन ती माहेरी आली होती. पोरगा सांगलीला इंजिनिअरिंगला गेला, तर ही तिथं खोली घेऊन चार वर्षं राहिली, का तर खाणावळीची भाकरी पोराच्या घशाखाली उतरत नाही. पुढं पोरगा अमेरिकेला गेला, नोकरीला लागला आणि तिथला नागरिक झाला. दुष्काळ सरला त्या सुमाराला त्याचे कागद आले. आई आणि वडील, दोघांना कायमचं बोलावण्याचे.

पाकीट रायटरनी माझ्या खिडकीपुढेच फोडलं. वडिलांच्या जागी त्यांचं नाव. आईच्या जागी आक्काचं.

पोराने लबाडी केली नव्हती. त्याने जन्मभर जिला आई म्हटलं तिचं नाव लिहिलं, झालं. पण रायटर तो कागद मेलेला उंदीर धरावा तसा दोन बोटांत धरून उभे होते. तिकडचा कायदा आई-बापाला बोलवू देतो, आत्याला नाही, हे त्यांच्याइतकं तालुक्यात कुणाला ठाऊक होतं?

"तुम्ही पुढं जा आणि मग बहिणीला बोलवा," मी सुचवलं.

"हिशेब केलाय. म्या तिकडं पाच वर्सं काढायची, मग नागरिक व्हायचं, मग बहिणीचा अर्ज. त्येचा नंबर लागंपतूर आक्का न्हाई, मी न्हाई, आन् तुमी बी रिटायर. तवर हितं हिला कोण?"

आमच्या आवारात एक स्टँपवाला होता. त्याच्याकडे जुन्या सालाचे कोरे स्टँप असतात, हे उघड गुपित होतं. तो रायटरच्या कानाशी लागला. पोराच्या लहानपणीचा स्टँप देतो, आक्काने पोर दत्तक घेतल्याचा कागद करा, कोण बघतंय! रायटर रूळ घेऊन त्याच्या मागे कचेरीच्या फाटकापर्यंत धावले. खोटं कशाला सांगू, मला स्टँपवाल्याचं म्हणणं पटलं होतं.

आठ दिवस त्यांनी त्या कागदाला हात लावला नाही. नवव्या दिवशी आक्काला घेऊन आले आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसवलं. चष्मा कपाळावर गेला.

"नातं काय?"

"कुनाशी रं?"

"पोराशी."

"आई."

"जलम दिलास?"

"मुडद्या, तुला ठावं न्हाई व्हय?"

"इचारतो त्येवढं सांग. मग आई कशी?"

आक्काने पदर सारखा केला. मग माझ्याकडे बघून बोलली, भावाकडे नाही. "वैनीला कळलं हुतं आता आपलं काय खरं न्हाई. तिनं पोर माज्या ओटीत घातलं. वर ह्येनं नारळ दिला. रजेवर आला हुता, डिरेसवरच हुता. म्हनला, आक्का, आजपासनं तुजा. पुना मला इचारू नगंस."

"कोण कोण हुतं?" रायटरचा आवाज बारीक झाला होता.

"सुईन हुती. गुरव हुता. लेका, तूच न्हवतास का?"

रायटरनी चष्मा खाली घेतला. कुणी पोर दिलं, कुणी घेतलं, चार माणसांनी पाहिलं. दत्तक ते आणखी काय असतं? कागद झाला नव्हता, एवढंच. शेकडो घरांच्या नात्यांची तपासणी करणारा हा माणूस स्वतःच्या घरातलं दत्तक विसरून बसला होता, कारण त्याने ते कागदावर पाहिलं नव्हतं!

त्यानंतर मात्र त्यांचा झपाटा बघण्यासारखा होता. सुईण आणि गुरव दोघेही हयात होते, त्यांचे अंगठे घेतले. शाळेच्या रजिस्टरात पालक म्हणून आक्काचंच नाव निघालं, कारण बाप पलटणीत. मग कागद केला त्याच दिवसाच्या तारखेचा, त्याच दिवशी विकत घेतलेला स्टँप. 'मी माझा मुलगा माझ्या बहिणीस त्या वेळी दत्तक दिला, हे कबूल करतो.' एक अक्षर खोटं नाही. रीतसर रजिस्टर झालं.

माझ्या डोक्यात उजेड जरा उशिराच पडला. "अहो, पण दत्तक दिलेल्या मुलाच्या जन्मदात्याला तिकडं बोलावता येतं का?"

"न्हाई येत."

"मग तुम्ही?"

"मी?" रायटर चक्क हसले. "आक्का आई, मी आक्काचा भाऊ. कागदावर मी त्येचा मामा झालो की, भाऊसाहेब. आन् मामाला कुटं बोलावत्यात?"

मी त्यांच्याशी भांडलो. तुम्हाला पोराकडं जायचं नाही का, असं विचारलं. "लय जायचंय," ते म्हणाले. "साताऱ्यास्नं गरम कोट बी शिवून आणलाय. पर ती गेली तर पोराची आई जाती. मी गेलो तर ह्यो कोट जातोय."

आक्काला हे कळतं तर ती हलली नसती. तिला त्यांनी सांगितलं, "तू म्होरं हो. माझं पेपर मागनं येत्यात." मी गजाआडून ऐकत होतो आणि मान डोलावली. मुंबईच्या वकिलातीतून ती पास होऊन आली, तर हिचं गाऱ्हाणं काय, की साहेबाने इतकं विचारलं पण चहा विचारला नाही. ती निघाली त्या दिवशी एसटी स्टँडवर अर्धं गाव होतं. रायटरनी तिच्या ट्रंकेवर चारी बाजूंनी पत्ता लिहिला होता, फौजेत लिहितात तसा.

नंतर आक्काची पत्रं यायला लागली, पोराच्या हातची. प्रत्येकात एकच चौकशी. तुझे पेपर कुठवर आले? पहिलं पत्र घेऊन रायटर माझ्या खिडकीत आले आणि कोरं आंतरदेशीय नव्हे, चांगलं निळं विमानपत्र आत सरकवलं.

"तुमी लिवा. तुमा सरकारी लोकांचा हात सरावल्याला असतोय."

मी लिहिलं, 'प्रकरण विचाराधीन आहे.' खाली उरलेल्या जागेत त्यांनी स्वतः लिहिलं. म्हैस व्यालेली, जोंधळा बरा आला, सुईण पडून आहे. ते सगळं खरं होतं. अशी तीन वर्षं पत्रं गेली. वरचं खोटं माझं, खालचं खरं त्यांचं.

पेन्शनरांना दरसाल खिडकीपुढे येऊन आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. त्या वेळी वारसाचा नवा फॉर्म आला होता. मी त्यांच्या मुलाचं नाव लिहायला घेतलं, तर गजातून हात घालून त्यांनी माझं पेन धरलं.

"निरंक. वारस कुनी न्हाई म्हणून लिवा."

"रायटर, इथला फॉर्म बघायला अमेरिकेतनं कोण येतंय?"

"एका कागदावर मामा आन् दुसऱ्यावर बाप? उद्या कुनी इचारलं तर पयला खोटा ठरंल. आक्काला म्हागारी लावतील."

मी लिहिणार नाही म्हणालो. रागच आला होता मला. त्यांनी फॉर्म ओढून घेतला, मशीनवर चढवला आणि वारसाच्या रकान्यात स्वतःच 'निरंक' टाइप केलं. सही करून परत दिला. टोपी तेवढी टेबलावर काढून ठेवलेली होती, ती निघताना विसरले आणि परत येऊन घेऊन गेले.

पुढच्या दाखल्याला ते आले नाहीत. थंडीत छातीत कफ धरला, तीन दिवसांत आटोपलं. तार गेली. पोरगा पोचला तो नवव्या दिवशी. दहावा त्याने माहुलीला केला. तिथं मुलगा कोण म्हणून कुणी विचारलं नाही, भटजींनी दर्भ सरळ त्याच्या हातात दिला.

परत जायच्या आदल्या दिवशी तो माझ्या खिडकीत आला. डोकं भादरलेलं, अंगावर तो साताऱ्याचा कोट. कोट त्याला खांद्यात तंग होत होता.

"दादा गेल्याचं आईला अजून सांगितलेलं नाही," तो म्हणाला. "दादांच्या पेपरचं काम बघून येतो, असं सांगून आलोय."

त्यांची फाइल बंद करायला म्हणून टेबलावरच होती. वरचं पान तेच, निरंकचं.

"मुलगा म्हणून माझी सही लागेल ना कुठं?"

नियमाने कुठेही लागत नव्हती. मी फाइल मिटली. ड्रॉवरमधून एक कोरा कागद काढला, वर रायटरचं नाव लिहिलं, खाली त्याचं पूर्ण नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, मुलगा. कागद गजातून बाहेर सरकवला.

"इथं करा," म्हटलं.

त्याने नाव वाचलं, सही केली, खाली तारीख घातली. कागद मला परत दिला आणि नमस्कार करून गेला. तो कागद कुठल्याच फाइलला लावता येत नाही. मी रिटायर झालो तेव्हा ट्रेझरीचं सगळं जिथल्या तिथं देऊन आलो, तो तेवढा घरी आणला.