डाव्या बाजूचं पेडल

घरात बसून जुनी सायकल नव्याने उभी करायची हौस ज्याला असेल, त्याने निदान पडदे शिवणाऱ्या बाईशी लग्न करू नये. आमच्या ह्यांनी केलं. त्यामुळे बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी माझं मशीन, मशीनच्या पायाशी दुकानातून आलेले पांढऱ्या कापडाचे तागे, आणि तिथून हातभर अंतरावर वर्तमानपत्रं पसरून त्यावर सायकलची हाडं, असं आमचं बरेच आठवडे चाललं होतं. एका पडद्यावर ह्यांचा काळा अंगठा उमटला तो साबण, सोडा, कशानेच निघेना. शेवटी तेवढा भाग मी दुमडीत लपवला आणि दुकानदारापुढे तोंड मिटून उभी राहिले.

ह्यांचा धंदा नळांचा. आमच्या भागात ह्यांचं खरं नाव कुणाला ठाऊक नाही, सगळे नळवाले काका म्हणतात. त्या हिशेबाने मी नळवाल्या काकू, जरी मला साधा वायसर बदलता येत नसला तरी. हत्यारांची खाकी पिशवी हँडलला अडकवायची, पाइपाचे तुकडे कॅरिअरला बांधायचे आणि निघायचं, हे ह्यांचं आयुष्य. कुणाच्या घरी मोरी तुंबली तर हे मोरीशी बोलतील, घरातल्या माणसांशी बोलणार नाहीत. पाणी कुठून येतं, कुठे जातं, हे कुणाला विचारायचं नाही. भिंतीला कान लावायचा आणि स्वतःच शोधायचं. सापडायचंही, हे कबूल केलं पाहिजे.

मग एका सकाळी कामावरून परत येताना ह्यांचा उजवा हात हँडलवरून आपोआप खाली सरकला आणि हे सायकलसकट डाव्या कुशीवर पडले. डॉक्टर म्हणाले, पक्षाघाताचा झटका हलका होता, वेळेवर आलात. हात परत येईल, पण किती येईल ते आत्ताच सांगता यायचं नाही. कपातला चहा बशीत सांडायचा. शर्टाची बटणं मी लावायची, आणि लावताना हे छताकडे बघत राहायचे. सायकल मागच्या अंगणात टाकीखाली पडून राहिली आणि गंजून गेली.

धंदा पुतण्याने सांभाळला. तो ह्यांच्याच हाताखाली तयार झालेला, आता दोन मुलांचा बाप, कामाला चोख आणि बोलायला गोड. एक दिवस तो येऊन बसला आणि हळूच म्हणाला की काका, आता जिने आणि टाक्या कशाला चढता, पिशवी माझ्याकडे द्या आणि आराम करा. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं, पण ते बोलायची माझी छाती नव्हती.

ह्यांनी मागच्या दाराकडे बोट केलं. मग म्हणाले, "अंगणातली सायकल मी माझ्या हाताने उभी करतो. पूर्ण झाली, तर मी कामावर. नाही झाली, तर पिशवी तुझी. मधे कुणी हात लावायचा नाही आणि कुणी शिकवायचं नाही."

पुतण्या मान डोलावून गेला. मी कपाळावर हात मारला. ह्या घरात शब्द दिला की संपलं. तो चुकीचा निघाला तरी पाळायचा असतो.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या घरात युद्ध सुरू झालं. साखळी रॉकेलमध्ये भिजवायला हवी म्हणून माझं पसरट पातेलं गेलं. चाकाच्या आतले छर्रे धुऊन वाटीत ठेवले होते. ती वाटी ह्यांच्याच कोपराने लवंडली आणि छर्रे सगळीकडे पळाले. मी केरसुणी घेऊन पलंगाखाली आडवी झाले, तर हे म्हणतात, "हात लावायचा नाही असं ठरलंय." म्हटलं, केर काढायला तरी परवानगी आहे का? मग हे स्वतः गुडघ्यांवर बसले आणि एकेक छर्रा वेचू लागले. बोटांत धरला की निसटायचा. पुन्हा धरायचा, पुन्हा निसटायचा. मी मशीनवर बसून पाठमोरी शिवत होते, कारण बघवत नव्हतं.

त्यात हे नळवाले. हातात पेच आला की त्याला आधी धागा गुंडाळायचा आणि वर पांढरा लेप लावायचा, ही ह्यांच्या हाताची सवय. मी पाहिलं तर उजव्या बाजूचं नवं पेडल बसवताना ह्यांनी त्याच्या आट्यांवर चांगला चार वेढे धागा गुंडाळला होता. मी विचारलं, पेडलमधून पाणी गळतं का कधी? हे चिडले. म्हणाले, घट्ट बसलेलं कधी वाईट नसतं. ब्रेकच्या खिळ्यालासुद्धा धागा होता. माझा नाही, हे नशीब.

पण एक गोष्ट मानायला हवी, सायकल उभी राहत होती. गंज घासून काढला. दोन्ही चाकं बसली. पुढच्या चाकाचा आउट, म्हणजे डगमग, काढायला ह्यांना किती वेळ लागला ते मोजलं नाही, पण तेवढ्या वेळात माझे एका घराच्या सगळ्या खिडक्यांचे पडदे शिवून झाले. साखळी चढली. ब्रेक लागायला लागले. मला वाटलं, होतंय बाई. आणि नेमकं डाव्या पेडलपाशी घोडं पेंड खायला लागलं.

हे पडले तेव्हा ते पेडल वाकलं होतं. नवीन जोडी आणलेली होती, जुनं काढायचं आणि नवं बसवायचं, इतकंच काम. उजवं थोड्या जोराने निघालं होतं, डावं हलेना. ह्यांनी पाना लावला आणि जोर केला. पाना घसरला आणि बोटांची सालं निघाली. रॉकेल ओतून रात्रभर ठेवलं, सकाळी पुन्हा जोर. हातोडीने ठोकून पाहिलं, गरम फडकं गुंडाळून पाहिलं. मानेच्या शिरा फुगायच्या, चेहरा लाल व्हायचा, आणि पेडल जागच्या जागी. रोज दुपारी जेवण झालं की हे त्या पेडलपाशी बसायचे. संध्याकाळी उठायचे तेव्हा उजवा हात डाव्या हाताने धरलेला असायचा.

मी म्हटलं, "अहो, वाकडं तर वाकडं, फिरतंय ना? तसंच राहू द्या. झाली की सायकल."

"अर्धं काम म्हणजे काम नव्हे," हे म्हणाले.

मधे एकदा पुतण्या डोकावला. दारातच उभा राहून पाहत होता. ह्यांनी पाना लावून अंगाचा सगळा भार टाकला तेव्हा तो पुढे झाला आणि म्हणाला, काका, ते डाव्या बाजूचं जे असतं ना... ह्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. शिकवू नकोस, एवढंच म्हणाले. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, म्हटलं जा बाबा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ह्यांच्या तोंडाला कशाला लागतोस. तो गेला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी हे सकाळी उठले, दाढी केली आणि दाराआडची खाकी पिशवी काढली. एकेक पाना पुसून परत आत ठेवला. मी विचारलं, कुठे? तर म्हणाले, "हातात जोर राहिला नाही. साधं पेडल सुटत नाही माझ्याकडून, उद्या कुणाचा नळ कसा सोडवू?" आणि पिशवी घेऊन पुतण्याकडे गेले. मोकळ्या हाताने परत आले, जेवले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

मला रडू आलं नाही, संताप आला. कुणाचा ते कळेना. ह्यांचा, त्या पेडलचा, पुतण्याचा, डॉक्टरचा. पुढचे दिवस हे माझ्याशेजारी बसून पडद्यांचे कच्चे टाके उसवायला लागले. न सांगता, न बोलता, अगदी नीट. ज्या माणसाने अख्ख्या वस्तीचं पाणी चालू ठेवलं तो माझे दोरे ओढत बसलाय, हे मला सहन होत नव्हतं. आणि कोपऱ्यात ती सायकल, एक पेडल नवं आणि एक वाकडं, आल्यागेल्याच्या पायात येत उभी.

शेवटी एका सकाळी मी ती सायकल उचलली आणि ढकलत कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे नेली. म्हटलं, एवढं पेडल बदल आणि ही कुणाला तरी देऊन टाक, माझ्या डोळ्यांसमोर नको. मी घरातून निघाले तेव्हाही हे दोरेच ओढत होते.

सायकलवाल्याने सायकल उलटी केली आणि पाना लावून सहज झटका दिला. काही झालं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा जोर दिला. मग आतून एक लांब पाइप आणला, तो पान्याच्या दांड्यावर चढवला आणि त्यावर जवळजवळ उभाच राहिला. तेव्हा कुठे कट्‌ असा आवाज झाला. तो घाम पुसत म्हणाला, "वहिनी, हे कुणी आवळलंय?"

म्हटलं, आवळलेलं नाही हो, अडकलंय. आमचे हे कितीतरी दिवस सोडवत होते.

"कुठल्या बाजूला फिरवत होते?"

मी हाताने फिरवून दाखवलं, जसा कुठलाही नळ सोडवतात तसा. तो हसायलाच लागला. म्हणाला की सायकलच्या डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, नाहीतर चालवता चालवता पेडल आपोआप सुटून पडेल. हे सोडवायचं तर आवळायच्या बाजूला फिरवायचं. तुमचे नळवाले रोज बसून हे पेडल घट्ट करत होते.

मग तो पान्याकडे बघत म्हणाला, "हात गेला म्हणतात ना त्यांचा? मला पाइप लावावा लागला, वहिनी."

मी सायकल त्याच्याकडे ठेवली नाही. नवं पेडल बसवून घेतलं आणि जवळजवळ धावतच घरी आले. हे टाके उसवत होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं, पाइपासकट. मला वाटलं, आता ह्यांचा चेहरा खुलेल.

ह्यांच्या हातातला दोरा हातातच राहिला. हे म्हणाले, "गॅसच्या नळीचे आटे उलटे असतात. मी स्वतः शिकवलंय पुतण्याला. उलटे आटे माझ्यासाठी काही नवीन नाहीत." मग हळू आवाजात, "मला एकदाही सुचलं नाही ते. म्हणजे हात नाही, डोकं गेलंय माझं. हात गेला असता तर परवडलं असतं."

मी धावत आणलेली आनंदाची बातमी ह्या माणसाने अशी पालथी केली. इतक्या दिवसांचा माझा राग, पातेल्याचा, पडद्याचा, त्या गप्प पाठीचा, सगळा एकदम वर आला.

"डोकं गेलंय?" मी म्हटलं. "लग्न झाल्यावर तुमच्या आत्याकडे पाया पडायला निघालो होतो, आठवतं? गावाच्या उलट्या टोकाला जाऊन पोचलो. नव्या चपलांनी माझ्या टाचा सोलल्या होत्या. वाटेत दहा दुकानं होती, कुणालाही विचारा म्हटलं. तुम्ही म्हणालात, सापडेल. अंधार पडला तेव्हा आत्याच आपल्याला शोधत आल्या. तेव्हा कुठला झटका आला होता तुम्हाला? तुमचं डोकं तेव्हाही असंच होतं. उगीच बिचाऱ्या आजाराला नावं ठेवू नका."

मला वाटलं, हे आता भडकतील. तसं झालं नाही. ह्यांनी मांडीवरचा पडदा बाजूला केला, उजवा हात उघडला आणि मिटला, पुन्हा उघडला. अंगठ्याच्या बाजूला घट्टे पडले होते. ते आजारानंतरचे होते आणि माझ्याही लक्षात आले नव्हते.

"पण पिशवी देऊन बसलोय," हे म्हणाले. "दिलेली वस्तू परत मागायची म्हणजे..."

"म्हणजे मागायची. पेडल बसलंय, सायकल दारात उभी आहे. तुमच्याच शब्दाप्रमाणे तुम्ही कामावर."

"ते शेवटचं तू करून आणलंस. माझ्या हातून नाही झालं." हे उठले. खुंटीवरचा शर्ट काढून घातला आणि वरची दोन बटणं लावली. तिसऱ्याशी बराच वेळ झटले आणि मग तसंच सोडलं. दारापर्यंत गेले, उंबऱ्याशी थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला मागता येत नाही गं कुणाकडे. कधी आलंच नाही. तू येतेस का बरोबर?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांनी मला एखाद्या कामाला बरोबर ये म्हटल्याचं मला आठवत नाही.

"येते," मी म्हटलं. "पण बोलणार तुम्ही."

सुईखालचा पडदा तसाच ठेवून मी निघाले, आणि घाईत काढून टाकलेल्या चपला नेमक्या तेव्हाच सापडेनात.