गिळलेली चूक

हिंगोलीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आमचा कॉम्प्युटर क्लास होता. आमचा म्हणजे सरांचा. मी तिथं जावा ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकवायची. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. भारनियमन पाठीला लागलेलं होतं, आणि लाईट कधी जाईल यावर आमच्या बॅचा ठरायच्या. शिकवण्याबरोबर सर छोटे प्रोग्रामही लिहून द्यायचे, मेडिकलच्या दुकानांना, कृषी केंद्रांना. फुकट लिहिलेला एकच, रक्तदात्यांचा. गावातल्या पोरांनी रक्तगट तपासणीचं शिबिर घेतलं होतं. त्या माणसांची नावं आणि फोन आम्ही त्यात भरले. कुणाला रक्त लागलं की दवाखान्यातून माणूस आमच्याकडे यायचा, सर रक्तगट टाकायचे आणि पडद्यावर नावं यायची. त्या प्रोग्रामचा सरांना फार अभिमान होता.

तो श्रावणातला सोमवार होता. दुपारी लाईट आली तशी मी आतल्या खोलीत बॅच बसवली. बाहेर सरांच्या टेबलाशी कुणीतरी आलं. मधे प्लायवूडचं पार्टिशन, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकू यायचा.

"साहेब, बायको बाळंत झाली माझी. रगत थांबून न्हाई राहिलं. डॉक्टरीणबाईनं चिठ्ठी दिली हाय."

"कुठले तुम्ही?"

"पुसेगावच्या पल्याडचा तांडा."

"बी निगेटिव्ह," सरांनी चिठ्ठी वाचली. "रक्तपेढीत विचारलं का?"

"त्यायच्यापाशी न्हाई. ओ निगेटिव्ह असलं तरी चालते म्हनले, पन तेबी न्हाई. त्यायनंच इकडं पाठवलं. माझं बी जुळलं न्हाई, भावाचं बी न्हाई."

कीबोर्डचा आवाज आला. मग सर म्हणाले, "एकही नाही हो. ओ निगेटिव्हचाही नाही. नांदेडला जावं लागेल. वेळ घालवू नका."

तो माणूस धावतच पायऱ्या उतरला. जीपचं दार आपटल्याचा आवाज आला.

माझा हात फळ्यावर तसाच राहिला. मी स्वतः बी निगेटिव्ह आहे. आणि त्या प्रोग्राममधलं पहिलं नाव माझं होतं. प्रोग्राम तयार झाला तेव्हा चालतो का ते बघायला मीच ते टाकलं होतं. सरांना ते ठाऊक नव्हतं.

मी बाहेर आले. "सर, पुन्हा शोधा."

"दोनदा शोधलं मॅडम."

"मी बी निगेटिव्ह आहे सर. माझं नाव आहे त्यात."

त्यांनी पुन्हा शोधलं. पडद्यावर ठळक अक्षरांत आलं: एकही रक्तदाता सापडला नाही. मी वाकून ओ पॉझिटिव्ह टाकलं. आमच्या गावात पाहिजे तेवढी माणसं त्या गटाची. तरी तेच, एकही नाही. ए पॉझिटिव्ह. एकही नाही. सरांचं तोंड उतरलं. सगळ्या हिंगोलीत एका माणसाच्याही अंगात रक्त नाही, असं ते मशीन शांतपणे सांगत होतं.

सर मागच्या खोलीकडे पळाले. माहिती ज्या कॉम्प्युटरवर साठवलेली होती तो तिथं होता. लाईट गेली की तो बंद पडायचा आणि आली की डेटाबेस हातानं सुरू करावा लागायचा. त्या दिवशी तो सुरूच झाला नव्हता. म्हणजे प्रोग्रामनं कुठं काही शोधलंच नव्हतं. मग न शोधताच तो 'नाही' का म्हणाला? मी तिथंच खुर्ची ओढून कोड उघडला.

जावात प्रोग्राम म्हणजे एकेक काम वाटून दिलेले ऑब्जेक्ट असतात. पडदा सांभाळणारा ऑब्जेक्ट शोधणाऱ्याला विचारतो, शोधणारा डेटाबेसशी बोलणाऱ्याला. समोर डेटाबेसच नसेल तर बोलणारा उत्तर देत नाही, एक्सेप्शन फेकतो. हे एक्सेप्शनही एक ऑब्जेक्टच असतं. काय बिघडलं, कुठल्या ओळीत बिघडलं, ते सगळं त्याच्याजवळ असतं. ज्यानं काम सांगितलं त्याच्याकडे ते वर जातं. त्यानं झेललं नाही तर त्याच्याही वरच्याकडे जातं. कुणीच झेललं नाही तर काम तिथंच अडतं आणि इंग्रजी ओळींची रांग लागते. झेलायच्या जागेला कॅच म्हणतात. पोरांना मी सांगायची, जो काही उपाय करू शकतो त्यानंच झेलावं, बाकीच्यांनी वर जाऊ द्यावं.

सरांच्या कोडमध्ये शोधणाऱ्या ऑब्जेक्टनंच एक्सेप्शन झेललं होतं. कॅच लिहिलेला होता, पुढे महिरपी कंस उघडला होता आणि तसाच मिटला होता. मधे एक अक्षर नाही. चूक तिथं आली आणि तिथंच गिळली गेली. शोधणाऱ्यानं वर काय पाठवलं, तर रिकामी यादी. पडद्यानं यादी मोजली, शून्य भरली, आणि त्यानं इमानानं लिहिलं, एकही नाही.

पण ते बघत बसायला वेळ नव्हता. "सर, तुम्ही डेटाबेस सुरू करा. मी जाते," म्हणत मी निघाले. आतली पोरं दारात उभी राहून बघत होती.

रक्तपेढी जवळच होती. धापा टाकत मी सांगितलं, "बी निगेटिव्ह. घ्या." तंत्रज्ञ वयस्क होते, हिंदी बोलायचे. त्यांनी मला काट्यावर उभं केलं. रक्त द्यायला पंचेचाळीस किलो तरी वजन लागतं, काटा तिथपर्यंत गेलाच नाही.

"नहीं ले सकते बेटा."

"काका, तिकडं बाई मरायला टेकली आहे."

"मालूम है. फिर भी नहीं. एक पेशंट के दो नहीं बनाने मुझे." ते रागावले नव्हते. त्यांनी टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला. "तुम्हारे कंप्यूटर में और कोई है क्या, पूछो."

क्लासचा फोन लागेना, सारखा एंगेज. मागून कळलं, सर तिकडून रक्तपेढीत मलाच लावत होते. एकदाचा लागला. डेटाबेस सुरू झाला होता. बी निगेटिव्ह माझ्याशिवाय दोन. ओ निगेटिव्ह कुणीच नाही. दोघांपैकी एक पुण्याला नोकरीला गेलेला, त्याच्या घरच्यांनीच सरांना फोनवर तसं सांगितलं. दुसरा औंढा नागनाथचा, मंदिराच्या रस्त्यावर बेलफुलांचं दुकान. त्याच्या नावापुढे शेजारच्या टेलिफोन बूथचा नंबर होता.

मी बूथ लावला. पलीकडे नुसता गलका. बूथवाला ओरडून बोलत होता.

"ताई, आज श्रावणातला सोमवार हाय! मानूस मला हितून दिसून राहिला, पन आवाज पोचून न्हाई राहिला."

"दादा, जाऊन सांगा त्यांना. बाळंतीण आहे, रक्त जाऊन राहिलं तिचं. हिंगोलीच्या रक्तपेढीत या म्हणावं."

"बूथ सोडू कसा?"

"सोडा दादा. पाया पडते तुमच्या."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मी कानाला फोन लावून उभी. घंटा, नारळ फुटण्याचे आवाज, कुणाचं तरी हरवलेलं लेकरू रडत होतं. फार वेळानं बूथवाला परत आला. "निघाला ताई. दुकान तसंच टाकून निघाला."

मग नुसती वाट बघणं. मी दवाखान्यात गेले. खोलीबाहेर बाकावर तांड्यावरची म्हातारी बसली होती, बाळंतिणीची सासू. अंगावर आरशांची जुनी फेटिया-कांचळी, बंजारा बायकांचा घागरा-चोळी, आणि मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं लेकरू. मुलगी झाली होती. मी शेजारी बसले आणि सांगितलं, औंढ्याहून माणूस निघाला आहे.

"मंग माझं पोरगं नांदेडला काहून गेलं?" तिनं विचारलं.

मी लेकराच्या अंगावरचा टॉवेल सारखा केला. ती लेकराकडे बघत राहिली. आतून नर्स बाहेर आली, भिंतीला धरून तिनं दोन श्वास घेतले आणि ती परत आत गेली. डॉक्टरीणबाई दारात येऊन एवढंच म्हणाल्या, "आलं का?"

"येतंय."

"लवकर."

मी परत रक्तपेढीत येऊन थांबले. औंढ्याचा माणूस आला तो थेट तिथंच, मोटारसायकल तशीच आडवी टाकून. कपाळाला भस्म, शर्टाला झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या. काकांनी विचारलं, "कुछ खाया है?" तो म्हणाला, "उपास हाय." काकांनी मान हलवली. उपाशी माणसाचं रक्त घ्यायला ते तयार नव्हते. मी रस्त्यावर जाऊन केळी आणली. त्यानं ती उभ्या उभ्या खाल्ली आणि म्हणाला, "उपासाला चालतात. घ्या आता." रक्त निघालं. मग तपासण्या, मग जुळवणं. काकांचे हात झरझर चालत होते, पण एकही पायरी त्यांनी गाळली नाही. मी मनात त्यांना शंभरदा म्हणाले, लवकर करा, लवकर करा.

पिशवी लागली तेव्हा उन्हं कलली होती. बाईचे ओठ पांढरे पडले होते. डॉक्टरीणबाई बराच वेळ तिच्या उशाशी उभ्या होत्या. मग त्या बाहेर आल्या, म्हातारीजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "थांबलंय. वाचेल." म्हातारीनं लेकरू माझ्या हातात दिलं आणि पदरात तोंड झाकून घेतलं.

नवरा दिवेलागणीला परतला, नांदेडहून रक्ताची एक पिशवी बर्फात घालून. आत जाऊन बायकोला बघून आला. पिशवी त्यानं अजून हातातच धरली होती. क्लास बंद करून सरही तोवर दवाखान्यात आले होते. तो माझ्याकडे आणि सरांकडे बघत राहिला.

"तुमची मशीन तर न्हाई म्हनली होती."

सर म्हणाले, "मशीनला बघताच आलं नव्हतं. ते तिनं तुम्हाला सांगितलं नाही. ती माझी चूक."

पिशवी त्यानं नर्सकडे दिली. रात्री तिलाच ती लागली.

दुसऱ्या दिवशी सर माझ्या आधी क्लासला आले होते. मी न विचारताच त्यांनी सांगितलं. शिबिराच्या उद्घाटनाला पाहुण्यांसमोर प्रोग्राम दाखवताना लाईट डळमळली आणि पडद्यावर इंग्रजी ओळींची रांग आली होती. पाहुणे हसले. "बिघडलं वाटतं तुमचं," म्हणाले. त्याच संध्याकाळी सरांनी तो कॅच लिहिला. पुन्हा लोकांसमोर तसलं काही दिसू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. "चूक आली तर लोकांना काय सांगायचं ते नंतर ठरवू म्हणलं," ते म्हणाले, "आणि मग ते राहूनच गेलं."

रात्रीतूनच त्यांनी कोड बदलला होता. आता शोधणारा एक्सेप्शन वर जाऊ देत होता आणि पडदा सांभाळणारा ते झेलत होता. डेटाबेस बंद असला की लिहून यायचं: माहिती बघता आली नाही, रक्तदाता नाही असं समजू नये. खाली सरांच्या घरचा फोन नंबर.

पण सर तिथं थांबले नाहीत. विकलेला प्रत्येक प्रोग्राम त्यांनी उघडला. रिकामे कॅच जागोजागी निघाले. जवळा बाजारच्या एका मेडिकलवाल्याच्या प्रोग्राममध्ये तर साठा लिहिताना चूक झाली तरी 'नोंद झाली' असंच यायचं. बाजाराच्या दिवशी आम्ही दोघं सरांच्या स्कूटरवर तिकडं गेलो. बैलगाड्यांतून वाट काढत दुकानाशी पोचलो तेव्हा गर्दी होती. सरांनी गिऱ्हाइकांसमोरच सांगितलं, "माझ्या प्रोग्राममध्ये चूक आहे. आजपासून तो तुम्हाला चुका दाखवील, त्याचा राग धरू नका."

दुकानदार वैतागला. "आत्तापर्यंत तर बराबर चालत होता की हो."

"चालत नव्हता," सर म्हणाले. "नुसता गप्प होता."

दुकानदारानं कपाळाला हात लावला आणि गिऱ्हाइकांना जरा थांबायला सांगून खुर्ची रिकामी केली. सर बसले. मी बाजूला उभी राहून फळीवरच्या बाटल्या मोजायला घेतल्या. खरा साठा किती, ते आता हातानंच बघावं लागणार होतं.