इंजिन चालू ठेवून शिजवलेला मासा

संयुक्त अरब अमिरातीत पडणाऱ्या उन्हाचा एक कवडसाही वाया जाऊ द्यायचा नाही, असा विडा साऱ्या जगात एकाच गृहस्थांनी उचलला आहे आणि ते माझे साडू आहेत. दुबईच्या अल क्वोज भागातल्या गोदामांच्या छपरांवर सोलर पॅनेल बसवणाऱ्या कंपनीत ते इंजिनिअर आहेत. त्यांना बूड टेकून बसलेलं मी कधी पाहिलेलं नाही. चहासुद्धा ते फेऱ्या मारत पितात आणि फेऱ्या मारता मारता लोकांच्या घरातले दिवे घालवत जातात. एकदा आमचा पाहुणा आंघोळ करत असताना त्यांनी बाथरूमचाही दिवा घालवला होता.

खाण्याचं तर विचारूच नका. कोंबडी विमानाने येते, मटण जहाजाने येतं, म्हणून दोन्ही घरातून हद्दपार. "जवळच्या पाण्यात मोकळा वाढलेला मासा, स्वतः पकडलेला, उन्हावर शिजवलेला. बाकी सगळं खलास!" असं त्यांनी जाहीर केलं, तेव्हा माझी मेहुणी खिचडीचा कुकर लावायला उठली.

त्या उन्हाळ्यात दर रविवारी मासेमारीचा परवाना खिशात घालून आणि आरसे लावलेली सोलर पेटी मागच्या सीटवर ठेवून स्वारी दुबईहून उम्म अल कुवैनच्या खाडीवर निघायची. बरोबर त्यांची मुलगी आणि शेपटासारखा मी. ऑगस्टअखेर ती शिकायला नेदरलँड्सला जाणार होती. हा एक विषय सोडून साडू सगळ्यावर बोलायचे. गाडी मात्र आठ सिलिंडरची. का, तर वाळूत अडकली तर! वाळूत ती कधी गेलीच नाही. तिथला वीतभर शेरी मासा गळाला लागला की मीठ, हळद, तिखट लावून पेटीत, पेटी उन्हात आणि आम्ही एसी लावून गाडीत. इंजिन सुरूच. बरं, दर पाच मिनिटांनी हे बाहेर उडी मारणार, झाकण उघडून सगळी वाफ घालवणार आणि पुन्हा आत येणार. मासा शिजणार कसा?

मुलगी इथेच वाढलेली. "बाबा, यू आर बर्निंग पेट्रोल टू कुक विथ सनलाइट. सीरियसली?"

"अगं, ऊन ग्रीन आहे! पण आपण त्यात बसायचं असं कुठे ठरलंय?"

"देन स्विच इट ऑफ!"

हा वाद दोघांनाही मनापासून आवडायचा. तिचा जायचा दिवस जवळ आला तसं झाकण जास्तच वेळा उघडायला लागलं. मला आता वाटतं, तो मासा शिजायला त्यांना नकोच होता. शिजला की घरी निघावं लागायचं.

ती गेली. पुढच्या रविवारी खाडीवर आम्ही दोघंच. साडूंनी पेटी मांडली, इंजिन बंद केलं आणि काचा खाली करून बसून राहिले. झाकणाकडे एकदाही गेले नाहीत. माझा शर्ट घामाने चिंब.

"यल्ला, चला, एसी लावा की हो," मी म्हटलं.

"थांबा हो. तिला फोटो पाठवतो." गाडीतून काढलेल्या किल्लीचा फोटो त्यांनी पाठवला आणि खाली लिहिलं, "इंजिन ऑफ."

थोड्या वेळाने फोन वाजला. त्यांनी वाचलं आणि फोन माझ्यापुढे धरला. जन्मभर इंग्रजीत उत्तरं देणाऱ्या पोरीने चक्क मराठीत लिहिलं होतं, "बाबा, एसी लाव. तू आजारी पडशील."

साडूंनी किल्ली फिरवली. त्या दिवशी पेटीतला मासा पहिल्यांदाच नीट शिजला. वीतभरच होता, पण आम्हा दोघांना मिळून संपला नाही.