ज्याला खेळायचंय त्यानं मागायचं

नियम पाळणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण नियमावर जीव टाकून प्रेम करणारा, आमच्या वरच्या मजल्यावरच्या अण्णांसारखा माणूस अख्ख्या बेंगळुरूत दुसरा नसेल. मूळचे निपाणीकडचे, यशवंतपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले अण्णा आमच्या जे. पी. नगरातल्या सोसायटीच्या बास्केटबॉल सामन्यांत गुण लिहायला टेबलावर बसत, आणि बदली खेळाडूला मैदानात असं सोडत, जणू गाभाऱ्यात सोडतायत. त्यानं स्वतः टेबलापाशी यायचं, हातांची फुली करून बदली मागायची. खेळ थांबला की अण्णा भोंगा वाजवणार, आणि पंचांनी खुणावेपर्यंत त्यानं रेषेबाहेरच थांबायचं. एकदा सख्ख्या जावयानं घाईनं अर्धं पाऊल आत टाकलं, तर "जावईबापू, स्वल्प मागं," म्हणून सगळ्यांदेखत त्याला मागं सरकवलं. त्या दिवाळीला जावई आलाच नाही. अण्णांना त्याचं वाईट वाटलं, पण पाऊल आत होतं म्हणजे होतं!

मी पुण्याहून आलेला, चाळिशीला टेकलेला, आणि तीन वर्षं संघाच्या बाकावर नेमानं बसणारा. व्हाइटफील्डच्या संघाशी अंतिम सामना होता. आम्ही एका गुणानं मागं, दोन सेकंद शिल्लक, आणि आमच्या कप्तानाला धक्का बसून त्याचा घोटा मुरगळला. दोन फ्री थ्रो मिळाले, पण जखमी खेळाडूचे फ्री थ्रो त्याच्या बदली खेळाडूनंच टाकायचे असतात. बाकावर उरलो होतो मी आणि पाच फाउल होऊन बाद झालेला एकजण.

"अण्णा, याला घ्या ना लवकर आत!" आमचे नागपूरकर कोच ओरडले.

अण्णांनी मानसुद्धा वळवली नाही. "कोचनं मागून चालत नाही. ज्याला खेळायचंय त्यानं मागायचं."

सगळं मैदान माझ्याकडे बघायला लागलं. मला खरं तर पळून जायचं होतं. कसाबसा टेबलापाशी गेलो, हातांची फुली केली आणि पुटपुटलो, "बदली पाहिजे."

"ऐकू आलं नाही."

"बदली पाहिजे!" मी ओरडलोच.

"सरी," अण्णांनी कानडीत होकार दिला. "मनगटावरचं घड्याळ काढ."

भोंगा वाजला. पहिला चेंडू कड्यावर दोनदा फिरून, उपकार केल्यासारखा आत पडला. दुसरा मात्र कड्याला न शिवता सरळ जाळीतून गेला. व्हाइटफील्डवाल्यांनी शेवटचा लांबून फेकलेला चेंडू फळीवर आपटला आणि आम्ही जिंकलो! मला खांद्यावर घेऊन पोरांनी मैदानाला फेरी मारली. टेबलावरच्या माणसानं टाळ्या वाजवायच्या नसतात, म्हणून अण्णा मान खाली घालून लिहीत राहिले. पंचांची सही झाल्यावर मात्र धावत आले आणि मला घट्ट मिठी मारली.

नंतर कॉफी पिताना ते हळूच म्हणाले, "कारखान्याच्या संघात मी सहा वर्षं बाकावर होतो बघ. कोच बोलावतील म्हणून वाट बघत बसलो. आपण उठून मागायचं असतं, हे पुढं नियमांचं पुस्तक वाचल्यावर कळलं. तोवर गुडघे गेले होते."

मी चषक त्यांच्या हातात दिला. तो त्यांनी दोन्ही हातांनी मांडीवर धरला, आणि बराच वेळ परत द्यायचं नाव काढलं नाही.