माजी सभापती आणि बोंबलांची जागा

लोकसेवा हे आजन्म व्रत आहे. एकदा घेतलं की सुटत नाही. आमच्या भागातले एक माजी सभापती हे वाक्य फार गंभीरपणे म्हणत. दोन निवडणुका हरल्यावरही त्यांनी व्रत सोडलं नाही, फक्त देव बदलला. बोईसरला काचेच्या दाराचं ऑफिस थाटलं आणि कंपन्यांची कामं सरकारदरबारी पुढे सरकवू लागले. पाटीवर 'सल्लागार' होतं.

ते सभापती असताना त्यांची निवेदनं मी लिहायचो, अक्षर बरं म्हणून. मग एकदा कंपनीसाठी लिहायलाही बोलावलं. आमच्या नवापूरला किनाऱ्यालगत बाया बोंबील वाळवतात, तिथून एका कंपनीला गोदामाकडे रस्ता हवा होता. मी गेलो. हा माणूस आता बोलतो कसा, याचं कुतूहल होतं. पूर्वी ते आम्हाला 'माझी जनता' म्हणत. आता 'स्थानिक घटक' म्हणत होते.

गावबैठकीचा दिवस मात्र त्यांनी हुशारीने निवडला होता: भांगाचा, अष्टमीच्या आसपासचा. भरतीला जोर नसतो, होड्या किनाऱ्यावर, पुरुष घरी. बैठक गावच्या देवळात भरली, सगळे हात वर झाले. मी संमतिपत्र लिहिलं, सह्या सुरू झाल्या. तेवढ्यात बाजारातून परतलेली शेजारची काकी टोपलीसकट आत आली.

"कसल्या सह्या?"

"काकी, रस्ता येतोय," माजी सभापती म्हणाले. "पुरुषमंडळींनी एकमताने..."

"त्यांना इचारून काय? वाळवायची जागा बायांची हाय. सासू सुनेला देते. हे जाळ्याचं बोलतील, होडीचं बोलतील. जागेचं नाय."

सहीसाठी उभे असलेले पुरुष एकेक करून मागे सरकले.

"कंपनी पत्र्याची शेड बांधून देईल, काकी."

"बोंबलाला वारा लागतो, भाऊ. मत मागाया आलेलात तवा बरोबर बायांच्या दारात आलेलात. आता इसरलात?"

माजी सभापतींनी माझ्याकडे पाहिलं. मी पेनाला टोपण लावलं.

ज्याला नकार दिला त्यालाही आमच्याकडे रिकाम्या हाती पाठवत नाहीत. काकीने सुक्या बोंबलांचं पुडकं त्यांच्या हातात ठेवलं. "कंपनीच्या सायबाला द्या. आमी काय वाळवतो ते बगू दे."

त्यांनी ते इमानाने पोहोचवलं. साहेबांनी पुडकं एसी केबिनमध्ये, दार लावून उघडलं. रस्ता गावाबाहेरून गेला.